उजव्याचा नंबर डावीकडे

चष्मेवाला फुकटचे सल्ले देण्यात वस्ताद होता. नळ गळतोय, सून रुसलीय, पोरगा अभ्यासाला बसत नाही, काहीही विचारा, उत्तर तयार. बायको म्हणायची, "ह्यांना जीभ देताना माप घ्यायचं राहिलं बहुतेक." असल्या माणसाला धाकट्या बहिणीने एकच प्रश्न विचारला आणि त्याची दातखीळ बसली.

तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दवाखान्यातून तिला भावाच्या घरी आणलं. नवरा काही दिवस राहिला आणि रजा संपल्यावर नाइलाजाने नोकरीच्या गावी परतला. ती रडली नाही, कुणाला काही बोलली नाही. वहिनीने ताट पुढे केलं की जेवायची, दिवा घालवला की आडवी व्हायची. अशा शहाण्यासारख्या वागण्याची चष्मेवाल्याला भीती वाटू लागली. लहानपणी हीच पोर पेन्सिलीचं टोक मोडलं तरी घर डोक्यावर घ्यायची.

एका दुपारी तिनेच तोंड उघडलं. "दादा, देव आहे का रे? माझी समजूत घालू नकोस. खरं काय ते सांग."

सबंध सात महिने ती न चुकता हात जोडत होती, हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "बघून सांगतो." जणू तिने एखादी फ्रेम मागितली होती आणि ती मागच्या फळीवर शोधायची होती.

पण शब्द दिला तो दिला. त्याने खरोखरच शोधायला सुरुवात केली. दुकानामागे त्याची डोळे तपासायची अंधारी खोली होती. समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता, गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम, आणि तो एकेक भिंग घालत, काढत विचारायचा, "हे बरं, की आधीचं?" आता त्यात भर पडली. "खालची ओळ वाचा. बरं, देव मानता का? आणि का?"

गंमत म्हणजे कुणी रागावलं नाही. अंधारात, एक डोळा झाकलेला असताना, माणसं खरं बोलतात. खाणावळीतली स्वयंपाकीण म्हणाली, "मानते. शंभर माणसांच्या भाजीत मीठ मी चव न बघता टाकते आणि ते बरोबर पडतं. हाताला कुणीतरी सांगत असेलच ना?" बसचा ड्रायव्हर म्हणाला, "उतारावर मानतो. सपाट रस्ता लागला की विसरतो." एक म्हातारी विधवा म्हणाली, "माझा काही विश्वास नाही हो. आमचे हे मानायचे. ते गेल्यावर त्यांचा पेपर बंद करवला नाही, तसा देवही चालू ठेवलाय."

चष्मेवाला थक्क झाला. इतकी वर्षं ह्या माणसांच्या डोळ्यांत तो बॅटरी मारत होता, आणि आत हे असलं काही असेल अशी त्याला शंकाही आली नव्हती. रोज संध्याकाळी ऐकलेलं सगळं तो बहिणीला सांगायचा. ती ऐकायची, आणि मग विचारायची, "हो, पण तुझं काय?" तिथे गाडी अडायची.

मग आले मास्तर. गणिताचे निवृत्त मास्तर, जिभेला धार. प्रश्न ऐकताच म्हणाले, "अजिबात मानत नाही. मी सातवीत असताना अभ्यास न करता नुसता नवस बोललो आणि पहिला आलो. माझा थोरला भाऊ रात्रंदिवस घोकून नापास झाला. जो परीक्षक वशिल्याने मार्क देतो, त्याला मी नमस्कार करायचा?"

"मग भाऊ काय म्हणाला?"

"तो अजून मानतो, गाढव! म्हणजे, मानत असेल. आई गेल्यावर घरावरून वाजलं. त्यानंतर तोंड पाहिलं नाही एकमेकांचं."

चष्मेवाला हे ऐकण्यात इतका रंगला, की नंबर लिहिताना उजव्याचा डाव्याला आणि डाव्याचा उजव्याला लिहून बसला. त्याबरहुकूम भिंगं घासली, फ्रेममध्ये बसवली, चष्मा दिलासुद्धा.

आठवडाभरात मास्तर परत आले. चष्मेवाला मनात म्हणाला, आता आपली हजामत. पण मास्तरांचा चेहरा वेगळाच होता. खुर्चीत बसले, चष्मा काढून हातात धरला.

"हा घालून डोकं दुखतं, ते बघा. पण आधी ऐका. हा लावून स्टॉपवर उभा होतो. बसवरचा नंबर भलताच वाचला आणि चढलो. शेवटच्या स्टॉपवर उतरतो तर थोरल्याची वस्ती. तिकडे मेलो तरी गेलो नसतो मी. तो समोरून पिशवी घेऊन येत होता. म्हणाला, 'आलास?' बस, एवढंच म्हणाला. जसं काही मी सकाळीच कुठे गेलो होतो." मास्तरांनी चष्मा पुढे केला. म्हणाले, "आता देव नाही म्हणताना जीभ कचरते हो."

चष्मेवाल्याने चष्मा तपासला आणि भिंगांची अदलाबदल त्याच्या ध्यानात आली. सांगावं, की हा प्रताप माझा. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी म्हणाला, "बदलून देतो."

घरी आल्या आल्या त्याने बहिणीला सगळं सांगितलं. भिंगांची अदलाबदल ऐकून ती चक्क हसली, थोडंसंच.

"मग कबूल केलंस त्यांच्याकडे?"

"नाही. धीरच होईना."

"म्हणजे त्यांचा देव तूच."

"मी कसला देव! चूक झाली गं. लक्ष नव्हतं माझं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मुद्दाम नव्हतं ना केलंस?"

"वेडी का तू? मास्तरांशी माझं काय वैर?"

"मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. म्हणून देवाने मुद्दाम केलं."

चष्मेवाला म्हणाला, "खरं सांगू? आहे की नाही, मला कळलं नाही. इतक्या जणांना विचारलं, तरी नाही कळलं. पण तुझं काही चुकलं नव्हतं, हे मला माहीत आहे. ते कुणाला विचारायला नको."

मग तिचा आवाज चढला. "मग त्याचं लक्ष कुठे होतं? असला तर कुठे होतं? सात महिने रोज हाक मारत होते मी! रोज!" तिने उशी उचलली आणि भिंतीवर फेकली, मग दुसरी फेकली. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. चष्मेवाल्याने तिला हातानेच थांबवलं. बहीण ओरडत राहिली, देवाला, दवाखान्याला, नवऱ्याला, भावाला, आवाज फुटेपर्यंत, आणि मग हुंदके देऊन रडायला लागली.

सल्ला एकही सुचला नाही. तो तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसला आणि तिला रडू दिलं.