दोनशे अंशांच्या अलीकडे

ताईने चाकं विकायला काढली त्या सोमवारी मला खरं कारण कळून सहा दिवस झाले होते. ती बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून चारही चाकं ओल्या फडक्याने पुसत होती आणि मी दारात उभी राहून तिला विचारत होते, साबण देऊ का.

"नको," ती म्हणाली. "साबणाने त्यांचं पाप धुतलं जाणार नाही."

हे ती हसत म्हणाली. मला हसता आलं नाही.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत अकरा वर्षं शिकवते. तिथल्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक ताईच्या. शिकणारा गांगरला की ताई थांबवते. एका हाताने ती पाण्याची बाटली उघडत असते, तोंडाने "छान, आता आरशात बघा" म्हणत असते, आणि पाय मात्र आपलं काम करून मोकळा झालेला असतो. "माझं डोकं कुठेही भटकू दे," ती सांगायची, "पाय कामावर असतो."

महिन्यातून एका रविवारी ती ऑटोक्रॉसला जायची. मोठं रिकामं वाहनतळ, त्यावर नारिंगी शंकू मांडून आखलेला वळणावळणाचा रस्ता, एका वेळी एकच गाडी, आणि घड्याळ. शंकू पाडला की दंड. फेरी पन्नास सेकंदांत संपते. शेवटच्या रेषेपलीकडे वीस पावलांची चौकट आखलेली असते, तिच्यात गाडी पूर्ण थांबवायची. भाग घेणारे सगळे हौशी. कुणी बेकरीवाला, कुणी दातांचा डॉक्टर. आपापल्या रोजच्या गाड्या घेऊन येतात.

मी भौतिकशास्त्र शिकले आणि पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. घरात मला मोजपट्टी म्हणतात. ह्या हंगामासाठी गाडीची चाकं, टायर आणि ब्रेकचे पॅड निवडायचं काम ताईने माझ्यावर सोपवलं. "तुझ्या त्या डिग्रीचा घराला काहीतरी उपयोग होऊ दे," ती म्हणाली. मी मान ताठ करून कामाला लागले.

चाकांच्या दुकानात मी न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन गेले होते. दुकानदार रंग दाखवत होता, मी एकेक चाक काट्यावर ठेवत होते. फिरणारं वजन कमी केलं की गाडी चटकन वेग घेते आणि चटकन सोडते. मी निवडलेलं चाक जुन्यापेक्षा सव्वादोन किलोंनी हलकं निघालं, पण एक इंचाने लहान होतं. त्यामुळे आतल्या ब्रेकच्या सांगाड्याला ते घासेल का, हा प्रश्न होता. मी सांगाड्यावर ओल्या मातीचे गोळे चिकटवले, चाक बसवून हाताने फिरवलं, काढलं आणि दाबल्या गेलेल्या मातीची जाडी मोजली. चार मिलिमीटर. पुरेसं होतं. टायर मऊ रबराचे घेतले. नख दाबलं तर खूण राहायची आणि हळूहळू भरून यायची.

पॅडसाठी मी आलेख मागवले. ब्रेक दाबला की हे पॅड चाकामागच्या तबकडीला चिमटा घेतात. तबकडीवर त्यांची पकड किती, हे तापमानानुसार दाखवणाऱ्या तीन रेषा होत्या. सगळ्यात वरची रेषा मी निवडली. ती दुसऱ्या रेषेहून सोळा टक्के वर होती. मी टक्के काढून वहीत लिहिले, दोनदा अधोरेखित केले.

आमची गाडी ज्यांच्याकडे दुरुस्त होते त्या गॅरेजवाल्या काकांना सगळे पानाकाका म्हणतात, कारण त्यांच्या मागच्या खिशात कायम एक पाना असतो, लग्नातसुद्धा. त्यांनी पॅडची पेटी उलटसुलट करून पाहिली.

"लांब शर्यतीचे पॅड? एका मिनिटाच्या खेळाला?"

मी त्यांना आलेख दाखवला. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग परत दिला. "बाई गं, कागद तुझा, गाडी तिची. मी बसवून देतो."

त्यांनी बसवून दिले. आदल्या शनिवारी आम्ही सराव केला. ताईने लागोपाठ सहा फेऱ्या मारल्या आणि सहावी फेरी तिच्या आजवरच्या सगळ्यांत जलद फेरीपेक्षा सव्वा सेकंदाने सरस होती. घरी येताना ती स्टेअरिंगवर ठेका धरून बेसूर गात होती आणि मध्येच म्हणत होती, "मोजपट्टी, तू सोन्याची आहेस."

स्पर्धेच्या दिवशी हवा गार होती. गाड्या बऱ्याच आल्या होत्या. एका फेरीनंतर दुसरीला चाळीस मिनिटं थांबावं लागत होतं. पहिल्या फेरीनंतर ताई काच खाली करून म्हणाली, "पेडल जरा लाकडासारखं लागतंय गं."

मी घड्याळाचा आकडा बघत होते. "नवे पॅड आहेत," मी म्हटलं, "बसतील."

दुसऱ्या फेरीत ती रेषेपार आली तेव्हा मी टाळ्या वाजवत होते. गाडी थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. चौकटीपलीकडे मास्तर होते. हे निवृत्त झालेले भूमितीचे शिक्षक, दर महिन्याला पडलेले शंकू उभे करायला हौसेने येतात, म्हणून त्यांना शंकूमास्तर म्हणायचे. शेवटचा शंकू एका हाताने सरळ करायला ते वाकले होते. त्यांनी उडी मारली. गाडी त्यांना चाटून गेली आणि ते हातावर पडले. मनगटाची दोन हाडं मोडली.

पुढच्या रविवारी स्पर्धेची समिती बसली. अध्यक्षांनी विचारलं, गाडीत काही दोष जाणवला होता का? ताई म्हणाली, "नाही. माझा पाय उशिरा पडला." मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत होते. पेडल लाकडासारखं लागल्याचं तिने मला सांगितलं होतं, ती हे विसरली असेल असं मी धरून चालले. तिला एका वर्षाची बंदी झाली.

मंगळवारी मी वही चाळत होते. काही शोधत नव्हते. आलेख समोर आला आणि माझी नजर वरच्या रेषेवर न जाता खाली डाव्या कोपऱ्यात गेली. तापमानाचा अक्ष शून्यापासून सुरू होत नव्हता. दोनशे अंशांपासून सुरू होत होता. त्याखाली पॅडची पकड किती, हे त्या कागदावर नव्हतंच.

पन्नास सेकंदांच्या फेरीत ब्रेक तीन-चारदा लागतात. मध्ये चाळीस मिनिटं गाडी गार हवेत उभी. त्या पॅडनी दोनशे अंश कधी पाहिलेच नव्हते. सरावाच्या दिवशी लागोपाठ सहा फेऱ्या झाल्या म्हणून ते थोडे तरी तापले असावेत. प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणी असा आलेख आणला असता तर मी पहिला प्रश्न हाच विचारला असता: डावीकडे काय आहे?

तेव्हाच उठून ताईच्या खोलीत जायचं होतं. मधे फक्त एक भिंत आहे. पण मी स्वतःला म्हटलं, हा अजून अंदाज आहे. मोजल्याशिवाय बोलायचं नाही. ह्या वाक्यावर माझं शिक्षण झालंय आणि त्यामागे लपायला जागाही भरपूर आहे. तापमान मोजायचं यंत्र प्रयोगशाळेतून मिळायला दोन दिवस लागले. मग पाऊस होता. मग पानाकाका गावाला गेले होते.

त्या दिवसांत शुक्रवारी ताईच्या शिकवणीच्या गाडीसमोर एक रिकामी पिशवी उडत आली. ताईने आपला ब्रेक इतक्या जोरात मारला की शिकणाऱ्या बाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं. ताई घरी आली आणि जेवायला बसली नाही. आई म्हणाली, "दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पिणारच." ताई म्हणाली, "आई, मी ताक फुंकत नाहीये. मला कपच धरता येईना." दुसऱ्या दिवसापासून ती बसने फिरू लागली. मी हे सगळं ऐकत होते आणि ताटातली भाजी डावीकडून उजवीकडे सरकवत होते.

पुढच्या गुरुवारी पानाकाकांच्या मागच्या लांब अंगणात मी मोजलं. जुनी चाकं चढवलेली गाडी मीच चालवली. पन्नासचा वेग, खडूच्या रेषेवर ब्रेक, दर वेळी पाय शक्य तितक्या सारख्याच जोराने. पॅड गार असताना गाडी साडेसतरा मीटरवर थांबली. मग मी ब्रेक धरून धरून तबकड्या तापवल्या, बंदुकीसारखं ते यंत्र रोखलं, दोनशे वीस अंश दिसल्यावर पुन्हा तेच केलं. अकरा मीटर. प्रत्येक मोजणी पाच वेळा. चौकटीची वीस पावलं म्हणजे पंधरा मीटर.

पानाकाका भिंतीला टेकून बघत होते.

"मिळाला आकडा?"

"मिळाला."

"आणि तो आता कुणाला सांगणार आहेस? मला? मला तर पेटी बघूनच वाटलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात, काका?"

त्यांनी पाना खिशातून काढला, परत ठेवला. "तू शिकलेली. मला वाटलं, आलेखात असेल काहीतरी." मग म्हणाले, "चुकलंच माझं. जुने पॅड चढवतो, तेवढा वेळ बस."

संध्याकाळी ताई तिच्या खोलीत खण आवरत होती. शाळेचा बिल्ला, सहीचे कोरे फॉर्म, शिट्टी, सगळं एका खोक्यात. मी वही उघडून तिच्या पलंगावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. अक्ष, दोनशे अंश, साडेसतरा आणि अकरा. माझा आवाज मला अहवाल वाचल्यासारखा ऐकू येत होता.

तिने कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे पाय उशिरा पडला नव्हता."

"नाही. तुझा पाय बरोबर होता."

"मला ते लाकडासारखं लागलं होतं, तेसुद्धा खरं होतं."

"हो."

"तुला सांगितलं होतं मी."

"हो."

"समितीत तुझ्याकडे बघून मी 'नाही' म्हटलं. तुझं नाव त्यात कशाला घ्यायचं म्हणून." तिने वही मिटली. "केव्हा कळलं तुला?"

हा प्रश्न येईल हे मला माहीत होतं. क्षणभर "आज" म्हणावंसं वाटलं. आजच तर मोजलं होतं.

"गेल्या आठवड्यात, मंगळवारी."

ती बोटांवर मोजू लागली. मोजून झाल्यावर तिने हात मांडीवर ठेवला. "त्या बाईंच्या कपाळाला लागलं तो शुक्रवार."

"मला खात्री करायची होती, ताई."

"तुझी खात्री झाली. मी आज सकाळी राजीनामा देऊन आले."

"मी उद्या शाळेत येते तुझ्याबरोबर, सांगते त्यांना. समितीलाही..."

"वरातीमागून घोडं." तिने खोकं पलंगाखाली पायाने सरकवलं. "मास्तरांचा हात गळ्यात बांधलाय आणि ते मला फोन करून म्हणतात, बेटा, वाईट वाटून घेऊ नकोस, वय झालं की उडी कमी पडते. त्यांनासुद्धा वाटतंय की त्यांचीच चूक. आधी त्यांना सांग. मग समिती. माझं राहू दे."

"ताई, चिडलीस?"

"चिडायला जागा तरी सापडू दे. मोजपट्टी, जा आता. दिवा राहू दे, दार लाव."

मी दार लावलं.

सकाळी मी गाडीची किल्ली घेतली तेव्हा ती आधीच चपला घालून उभी होती. ती चालवायला बसली नाही. डावीकडे बसली, शाळेत बसायची तशी, पट्टा ओढून. मास्तरांचं घर चार किलोमीटरवर आहे. मी मनात वाक्यं जुळवत होते. 'अक्ष' हा शब्द मास्तरांना समजेल, हे एक बरं होतं, आणि त्या विचाराची मला लाज वाटली.

दवाखान्याच्या वळणापाशी उभ्या ट्रकच्या आडून एक सायकल आली. जुळवलेली वाक्यं डोक्यात तशीच होती आणि सायकल समोर. त्या अर्ध्या सेकंदात मला एक आवाज ऐकू आला, रबरी चटईवर टाच आपटल्याचा. त्यानंतर माझा पाय ब्रेकवर पडला. जुन्या पॅडनी गाडी थांबवली. सायकलवाल्याने मागे वळून दोन शिव्या दिल्या आणि गेला.

मी खाली बघितलं. आमच्या गाडीत डाव्या बाजूला ब्रेक नाही, नुसती चटई आहे. ताईचा उजवा पाय तिच्यावर गच्च रोवलेला होता. नुसत्या पिशवीला घाबरलेला तो पाय नव्हता. सायकल खरी होती आणि पाय माझ्या आधी तिथे होता.

"ताई," मी म्हटलं, "तुझा पाय..."

"पुढे बघ," ती म्हणाली. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. मी गिअर टाकला. बऱ्याच वेळाने, मास्तरांची गल्ली दिसू लागल्यावर, तिने तो पाय चटईवरून उचलला.