भाईंच्या गाडीचं डावं दार

कट्टा गावच्या बाजारात भाई पाटकरांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानासमोर त्यांची चार दारांची मोटार उभी असे. मुंबईच्या एका डॉक्टरने ती काही वर्षं वापरून, प्रकृतीला मानवेना म्हणून, भाईंना विकली होती. कुणाच्या प्रकृतीला, हे भाईंनी विचारलं नाही.

गाडीला काही सवयी होत्या. भाई त्यांना दोष म्हणत नसत. हॉर्न दाबला की वायपर फिरत. ब्रेक तिसऱ्या दाबाला लागे. पहिल्या दोन दाबांना गाडी विचार करते, असं भाईंचं म्हणणं. आणि उजव्या वळणावर तिचं पुढचं डावं दार आपोआप उघडे.

याच दारातून ऐन श्रावणात भाईंची बायको जानकी एका भातशेतात उतरली. लागलं काही नाही. चिखल मऊ होता आणि गाडी सायकलच्या वेगाने चालली होती. भाई मात्र पुढच्या पुलापर्यंत तिच्याशी बोलत राहिले. उत्तर येत नाही याचं त्यांना नवल वाटलं नाही. पुलावर त्यांनी डावीकडे बघितलं, मग गाडी वळवली. जानकी बांधावर बसून पदर पिळत होती. अशा वेळी नवऱ्याने काय म्हणावं हे शास्त्रात नसलं, तरी काय म्हणू नये हे कुणालाही कळेल. भाई म्हणाले,

"तू दार बरोबर लावूक नाय होतंस."

जानकी उठली. "माज्यामुळे दार उघडला? बरां तर. आता तुमी आनि तुमचा दार मिळान संसार करा."

ती एसटीने थेट माहेरी, वालावलीला गेली.

भाद्रपद आला. चतुर्थीला भाईंनी स्वतः मोदक केले. गणपतीने तक्रार केली नाही, शेजाऱ्यांनी केली. दुकानात भाई साडीला धोतराचा भाव सांगू लागले. शेवटी त्यांनी ठरवलं, गाडी विकायची. गाडी गेली की जानकी येईल. ती गाडीवर रुसली आहे, याबद्दल त्यांना मुळीच शंका नव्हती.

नेमकी त्याच सुमारास गाडीच्या कंपनीची जाहिरात पेपरात आली. भाईंची गाडी ज्या सालची, त्या सालच्या गाड्या मालकांनी परत आणाव्यात, त्यांच्या स्टीअरिंगच्या एका सांध्यात दोष सापडला आहे, तो कोल्हापुरात फुकट बदलून मिळेल. भाईंनी चहाच्या दुकानात ती मोठ्याने वाचली. म्हणजे पहिलं वाक्य वाचलं आणि पेपराची घडी केली.

"आयकलास? कंपनी गाडी परत बोलावता!"

बाजार थक्क झाला. विकलेली वस्तू परत मागायची म्हणजे कंपनीला केवढा पस्तावा झाला असेल!

"दिव नका हां भाई," चहावाला म्हणाला. "एकदा दिली ती दिली."

वालावलीचा लवू तिथेच बसला होता. काजूचा व्यापारी, दारात ट्रक, पण घरात मोटार नाही. दिवाळीला नव्या सुनेला वैभववाडीहून आणायचं होतं, आणि सून ट्रकातून उतरलेली त्याच्या बायकोला नको होती. त्याने भाईंचा हात धरला. "कंपनीक दिवच्यापरास माका द्या."

दसऱ्याला लवूच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, गाडी उभी राहिली. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढे केळीच्या पानावर नारळ. राखणीसाठी देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय लवू किल्ली घेणार नव्हता. ते घालायला गावचा मानकरी, गावकर बाबली आला. बाबली जानकीचा चुलतभाऊ; आणि दोन महिने जानकीच्या माहेरी गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. बाबलीच्या मनात कपट नव्हतं. देवाला अडचण नीट सांगितली नाही, तर देव दुरुस्त काय करणार, एवढंच त्याचं म्हणणं.

हात जोडून त्याने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लवून गाडी घेतल्यान हा, तेची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. भाईही म्हणाले.

"हिचो हॉर्न दाबलो तर वायपर फिरतत, ते आपापल्या जाग्यार रवांदेत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" लहानपणापासूनची सवय, भाईंच्या तोंडून शब्द आधी गेला, अर्थ मागून आला.

"ब्रेक तिसऱ्या दाबाक लागता, तो पयल्याक लागांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

लवूने भाईंकडे बघितलं. भाईंनी नारळाकडे बघितलं.

"आनि उजव्या वळणार डावा दार आपसूक उघडता. कोणी कितीय घट लावला तरी उघडता! ता बंद रवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज कुंपणापलीकडून आला. तिथे जानकी उभी होती.

भाई गप्प होते. होय म्हटलं तर गाडी विकली जात नाही, आणि गाडी दारात असली तर जानकी येत नाही, असा त्यांचा हिशेब. बाबली डोळे मिटून थांबला. एकाचा होकार कमी पडला, हे त्याला कानाने कळलं होतं.

भाईंच्या डोळ्यांपुढे लवूची सून आली. नवं लुगडं, खाली चिखल.

"होय म्हाराजा," भाई म्हणाले. मग घसा साफ करून, "आनि बाबली, स्टेरिंगाचा रवला. सांधो खराब आसा. म्हणान कंपनी बोलावता."

लवू मोठ्याने हसला. "भाई, गाडी तुमची तुमकाच र्‍हवांदे. माजो ट्रक बरो. बोंबलता, पण खरां बोलता."

भाई मान खाली घालून किल्ली फिरवत राहिले. तेवढ्यात मागचं उजवं दार उघडून कुणीतरी आत बसलं. बोचकं मांडीवर घेऊन जानकी म्हणाली, "सुंभ आसा काय गो कोणाकडे? पुढचा दार बांधूक होया. आपसूक उघडता ता. आमचे हे म्हणतत."

भाईंनी स्वतः दार बांधलं. कट्ट्यापर्यंत ते पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गेले, आणि दर वळणाला मागे बघत गेले.

दिवाळीपूर्वी गाडी कोल्हापूरला गेली. लवूच्या ट्रकात चढून, काजूच्या पोत्यांना टेकून. घाट तिने आयुष्यात पहिल्यांदाच न तापता पार केला. कंपनीच्या साहेबाने सांधा बदलला, हॉर्न आणि वायपर यांची फारकत करून दिली, ब्रेकही लावून दिला. डाव्या दाराचं नाव काढताच मात्र तो हसला.

"दाराबद्दल कुणाचीच तक्रार नाही, पाटकर. तुमच्या बाई दार नीट लावत नसतील."

भाईंनी सोबत आलेल्या जानकीकडे बघितलं. जानकी छताचा पंखा बघत होती.

"साहेब," भाई शुद्ध मराठीत म्हणाले, "आपण पुढे डावीकडे बसा. दार आपल्या हाताने लावा. इथे जवळ उजवं वळण कुठे आहे?"

"चिखल आसलेला बघा हां," जानकी मागे बसत म्हणाली. "सायब बरो दिसता. तेका लागाक नको."