सावद्याचं जेवण

आमचे मास्तर पेन्शनीत निघाले आणि महिनाभरात माझ्या डोक्यावर मिरे वाटू लागले. तीस वर्षं लोकल बोर्डाच्या शाळेत पोरांवर ओरडलेला माणूस घरी बसला की ओरडायला बायकोच उरते. भाजीत तेल जास्त, अंगणात सडा कमी, म्हशीचं दूध काढायची वेळ चुकली. मी ऐकून घेत होते, कधी उलटून बोलत होते. मग एक दिवस पिंप्राळ्याच्या आमच्या ओट्यावर बसून त्यांनी हजेरीपटाचा कोरा कागद पुढ्यात घेतला आणि विचारलं, "बेबाची माय, तुला काय खावंसं वाटतं?"

मला वाटलं, ह्यांना ताप आला असणार.

"तसं नाही. तू लग्न होऊन आलीस, तेव्हापासून कुठं गेलीस? माहेरी, लेकीकडे, लग्नांना आणि मयतांना. आता चार दिवस तुला फिरवून आणतो. तुझ्या आवडीचं खायचं, तुझ्या आवडीचं बघायचं. सांग."

आता काय सांगू? चाळीस वर्षं ज्याला त्याला आवडीचं करून घातलं, आणि माझी आवड कोणी विचारली तर मला आठवेचना. शेवटी म्हटलं, पुरणाचे मांडे खायचे, पण दुसरीनं केलेले. उलट्या खापरावर ती मांडे भाजणार, तिच्या तोंडाला धग लागणार आणि मी नुसती बसून खाणार. आणि एखादा किल्ला बघायचा. किल्ला मी कधी बघितला नव्हता.

मास्तर खूष झाले. त्यांना खाण्याचं भारी वेड, गाव लक्षात राहतं तेसुद्धा तिथल्या भाजीवरून. दोन दिवस बसून त्यांनी कागदावर रेघा मारल्या. वार, गाव, काय बघायचं, कोणाकडे काय खायचं. भुसावळला त्यांचे जुने सोबती नथ्थूभाऊंकडे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. रावेरला केळीच्या बागा, मागं सातपुडा, आणि चुलतबहीण मंदाबाईकडे मांडे. शेवटी बऱ्हाणपूरचा किल्ला आणि तिथला तुपातला गोड दराबा. अक्षर असं की छापल्यासारखं. मला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. मी बोट फिरवत खाली आले, पुन्हा वर गेले.

"यात सावदा कुठं आहे?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

भुसावळहून रावेरला निघालं की मधेच सावदा लागतं. आमची एकुलती एक लेक बेबा तिथं दिलेली. लग्नाला सोळा वर्षं झाली, मूल नाही. आणि आमच्यात रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही. जेवणच काय, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही.

"जिथं जेवता येत नाही तिथं दुपार कशी काढायची?" मास्तर म्हणाले. "स्टेशनवर गाडी थांबते. तिला तिथं बोलावू, खिडकीतून भेटू."

माझं डोकंच फिरलं. "लेकीला खिडकीतून बघायचं आणि पुढं जाऊन मांडे खायचे? माझ्या घशाखाली उतरतील का ते?"

खरं सांगायचं तर या रिवाजाला धरून बसले होते ते मास्तर नाहीत, मी. पहिल्या वर्षी बेबानं सवयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तेव्हा मी हसून नको म्हटलं होतं. "नातू झाला की त्याच्या हातून पिईन" म्हणाले. पुढं हसू गेलं, नको तेवढं राहिलं. प्रत्येक वेळी मी शिदोरी बांधून न्यायची, तिच्या ओट्यावर बसून खायची आणि पाणी शेजारच्या सुंदरबाईंकडून मागवायची. प्रत्येक वेळी लेकीचा चेहरा उतरायचा. मला ते दिसायचं, तरी मी तेच करत राहिले. जावई चुडामण मात्र सोन्यासारखा. 'दुसरी करा' म्हणणाऱ्यांना त्यानं ओट्यावरूनच परत पाठवलं होतं.

"या वेळी मी बेबाच्या घरी जेवणार," मी म्हटलं. "नाहीतर मला कुठंच यायचं नाही."

मास्तरांनी कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग भुसावळ आणि रावेरच्या मधे बारीक अक्षरात 'सावदा' लिहिलं. जेवणाचा रकाना रिकामाच ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेबाला कार्ड टाकलं की बुधवारी दुपारी येतोय.

भुसावळचं भरीत छान होतं म्हणतात. माझं लक्ष नव्हतं.

बुधवारी सावदा स्टेशनवर चुडामण बैलगाडी घेऊन आला होता. घरी पोचलो तर बेबा दारातच. पाया पडली, आत घेऊन गेली, आणि मी बघते तो चूल गार. सारवून ठेवलेली, राख काढलेली.

"माय, सुंदरकाकूंकडे पानं मांडलीत," बेबा म्हणाली. "सकाळपासून तिथंच रांधत होते मी. काळजी करू नको, पीठ, डाळ, तेल बठ्ठं त्यांच्या घरचं. माझे फक्त हात. चला, गरम आहे तोवर."

मला उभ्या उभ्या रडू आलं. आम्हाला अडचण होऊ नये म्हणून माझ्या लेकीनं स्वतःच्या घरची चूल विझवली होती, आणि हे तिला मीच शिकवलं होतं.

"तुझ्या घरात काय आहे?" मी विचारलं.

"सकाळची भाकरी आहे. का?"

"तीच वाढ. मी इथं जेवणार."

ती जागची हलेना. मग मीच टोपलीतून भाकरी काढली आणि चुलीपाशी बसले. तुकडा मोडणार, तोच तिनं माझं मनगट धरलं.

"नको माय. तू इथं जेवलीस म्हणजे तुझीही आशा संपली." ती म्हणाली. "सासरच्यांनी सोडली, वैद्यानं सोडली, मीपण सोडल्यासारखीच आहे. तू दरवेळी पाणी नको म्हणतेस ना, मला वाईट वाटतं. पण मग वाटतं, माय अजून वाट बघतेय."

ज्यानं ती दुखावते असं मला वाटत होतं, त्यालाच ती धरून बसली होती. भाकरी टोपलीत परत ठेवणं सोपं होतं. सुंदरबाईंकडे गेलो असतो, चार घास खाऊन रावेरची गाडी धरली असती, आणि बेबा अजून दहा वर्षं माझ्या नकोवर जगली असती.

"हो बेबा, सोडली मी," मी म्हटलं. "गेल्या आखाजीच्या सणालाच सोडली. माहेरी आलेल्या सगळ्या पोरी झोके घेत होत्या आणि तू झोक्यावर बसायला नको म्हणालीस, तेव्हाच. तुला सांगायची हिंमत नव्हती. सोळा वर्षं नातवाची वाट बघत मी तुझ्या ओट्यावर शिळी शिदोरी खाल्ली, आणि माझी लेक समोर उभी होती. मला आता नातू नको. तू वाढ मला."

तिनं मनगट सोडलं आणि तिथंच खाली बसून मोठ्यानं रडायला लागली. मी गप्प हो म्हटलं नाही. माझ्या हातातली भाकरी मोडली गेली, एक तुकडा मी तोंडात घातला. चव काय होती ते मला सांगता येणार नाही, मीही रडतच होते.

मास्तर ओट्यावर उभे राहून सगळं ऐकत होते. ते आत आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि पाटाची वाट न बघता जमिनीवर मांडी घालून बसले.

"बेबा, घसा कोरडा पडलाय. पाणी दे."

बेबा उठली. पदरानं तोंड पुसलं आणि माठातून पेला भरला. तो तिनं त्यांच्यासमोर धरला, पण सोडेना, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांनी तिच्या हातासकट पेला धरून तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

"अजून दे," ते म्हणाले.