पाटाच्या खालचा झरा

लेहच्या कचेरीत साहेबांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला. "स्पलझेस, तुमच्या गावात पाणी डोंगर चढतं का?"

मला घाम फुटला. झऱ्याची खूण तीन वर्षांपूर्वी मीच केली होती. पाटाचं तोंड मात्र तिच्याहून दोन समोच्च रेषा वर! उद्या हा कागद रस्तेवाल्यांकडे जाणार. झऱ्यापाशी ते सुरुंग लावत नाहीत. बाकी डोंगर त्यांना मोकळा.

मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं. आमचे म्हातारे पाटकरी, मेमे उर्ग्यान, पाटाकडेला रोटी चावत बसले होते.

"मेमे, झरा कुठाय?"

त्यांनी खालच्या, चुना फासलेल्या देवळीकडे हात केला. पाण्यात राहणाऱ्या लूंचं, नागदेवतांचं, ते घर. मागच्या वेळीही त्यांनी तिकडेच हात केला होता आणि मी याच गावची, म्हणून वाकून बघितलंसुद्धा नव्हतं. आज बघितलं. दगड कोरडे ठणठणीत.

"मग पाटात येतं ते कुठलं?"

"वरचं. पूर आला त्या साली इथलं आटलं, वर फुटलं."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का!"

"लू इथंच आहेत ना अजून. त्यांना हलवायला ओनपोनं पंचांग बघून मुहूर्त नाही दिला. लू बसले नाहीत त्याला झरा कोण म्हणेल? नुसतं पाणी ते. शिकलेली तू, एवढं कळत नाही?"

कळत होतं. देवळी तिथं झरा, हे धरून चालले म्हणूनच तर चूक झाली. स्वतःचाच राग आला.

पाट धरून वर गेलो. कपारीतून पाणी उकळ्या फुटल्यासारखं येत होतं. मी कान लावला. एवढ्या सुक्या डोंगराच्या पोटात हे साठतं तरी कुठं?

"मेमे, पुढच्या महिन्यात इथं सुरुंग लागेल. मुहूर्त कधी निघेल?"

"निघाला तर पुढल्या वर्षी, पेरणीच्या आधी."

"तोवर हे राहणार नाही. आणि पाटकऱ्यानं झरा म्हटल्याशिवाय मला खूण करता येत नाही."

ते खाली गेले, घरून वाटीभर दूध घेऊन आले. हात धुतले, पुटपुटत दूध कपारीत सोडलं. ना लामा, ना मुहूर्त. लू चिडले की अंगभर फोड येतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"मेमे, काय केलंत हे!"

"बोलावलं त्यांना. फोड द्यायचे तर मला द्या म्हटलं, घरादाराला नको. आता काढ तुझा आकडा."

मी ठिकाण मोजायचं यंत्र कपारीवर धरलं. डोळे भरून आले होते, शेवटचा अंक दोनदा वाचावा लागला.