नोंदवहीत नसलेली पेटी

ज्याला तोंड आहे पण जीभ नाही, त्याने गप्प बसावे असा जगाचा संकेत आहे. तो मी आज मोडते. मी एक लाकडी पेटी आहे. शाळेच्या फाटकातून आत आले की उजव्या हाताला, पहिलीच्या वर्गाच्या खिडकीखाली टांगलेली सूचनापेटी. कपाळावर एक फट आणि पोटात जे कोणी टाकील ते, एवढेच माझे शरीर. स्वस्थ बसणे मात्र मला कधी साधले नाही. आजही साधत नाही.

मोडक्या बाकांच्या फळ्यांतून सातवीच्या मुलांनी सुतारकामाच्या तासाला मला घडवले. त्यांचा काटकोन चुकला. परिणामी मी जन्मापासून किंचित डावीकडे कललेली आहे. त्यामागे कोणतीही विचारसरणी नाही.

अक्षरओळख मला कोणी करून दिली नाही. डोक्यावरची खिडकी उघडी असे आणि मी ऐकत असे. शिक्षिका बदलल्या, मुले बदलली, मुळाक्षरे तीच राहिली. पहिलीची इयत्ता मी चाळीसहून अधिक वेळा पूर्ण केली आहे. इतक्या निष्ठेने ती अन्य कोणी केली असेल, असे मला वाटत नाही. म्हणूनच पोटात पडलेला प्रत्येक कागद मी वाचू शकते, आणि माझ्या अस्वस्थतेचे मूळही तेच आहे. न वाचता आलेले बरे, असे मला अनेकदा वाटले.

पहिले मुख्याध्यापक दर शनिवारी परिपाठाच्या वेळी मला उघडत आणि प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचत. 'मागच्या वर्गात घंटा ऐकू येत नाही' असे एकाने लिहिले, तर सोमवारपासून घंटा दोन ठिकाणी वाजू लागली. त्या काळातील मुलांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: पेटीत टाकले की वाचले जाते. वर्गात शिकवलेले पुष्कळसे ती मुले विसरली असतील. हे विसरली नाहीत.

मुख्याध्यापक निवृत्त झाले. त्यांच्यानंतरच्यांनी मला वर्षातून एकदा उघडले. त्यांच्याही नंतर माझी किल्ली एका टेबलाच्या खणात पडली, ते टेबल मोडीत निघाले, आणि किल्ली त्याच्याबरोबर गेली. याला अकरा वर्षे झाली. मला भिंतीवरून कोणी उतरवले नाही. बंद दार माणसाला दुरून कळते. बंद पेटी कळत नाही, कारण तिची फट उघडीच असते.

या अकरा वर्षांत वस्तीची रया गेली. सूतगिरणीच्या तीन पाळ्यांची एक पाळी झाली, तेव्हा निम्मी बिऱ्हाडे उठून गेली. उरलेल्यांपैकी ज्यांना परवडत होते त्यांनी मुलांना पिवळ्या गाडीत बसवून दूरच्या शाळेत पाठवायला आरंभ केला. माझ्यासमोरच त्या गाडीत मुलीला चढवताना एक आई दुसरीला म्हणाली, "तिथं जरा बरी मुलं असतात गं." ही आई स्वतः याच शाळेत शिकलेली. तिच्या बाकावर याच वस्तीतले कोण कोण बसत असे, हे मला ठाऊक होते. तिला आठवत नसावे.

शेवटी वरचे वर्ग बंद पडले आणि उरलेल्या चार वर्गांना दोन शिक्षिका उरल्या. त्यांपैकी मुख्याध्यापिका, ज्यांना सारे मोठ्या बाई म्हणतात, त्या कधी जनगणनेला, कधी मतदारयादीला जात. मग एकाच शिक्षिकेने चारही वर्ग राखायचे. राखणे हाच शब्द योग्य आहे. शिकवणे म्हटल्यास ते असत्य होईल.

आणि एके दिवशी नेमकी माझ्याच डोक्यावर एक नोटीस चिकटवण्यात आली. पटसंख्या घटल्यामुळे ही शाळा मोठ्या रस्त्यापलीकडील शाळेत विलीन करण्याचे योजले आहे. नागरिकांनी आपल्या हरकती पंधरा दिवसांत शाळेतील पेटीत टाकाव्यात, असा तिचा आशय होता. मोकळ्या होणाऱ्या जागेवर वाहनतळ होईल, हे नोटिशीत नव्हते. ते नगरसेवकांच्या भाषणात होते.

फाटकासमोरच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात. त्यांना सर्वजण शिवणकाकू म्हणतात. त्यांची थोरली मुलगी सातवीनंतर त्याच मोठ्या रस्त्यापलीकडे शिकायला जात असे. भरधाव गाड्या, सोबतीला कोणी नाही, वाटेत टवाळखोर. चार महिन्यांत तिचे जाणे थांबले. आता ती दिवसभर आईशेजारी बसून काज करते, बटणे लावते. धाकटी तिसरीत आहे.

नोटीस लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकू आल्या. कापड बेतण्याच्या खाकी कागदावर त्यांनी लिहिले होते: 'माझी मोठी मुलगी त्या रस्त्यापाई घरी बसली. धाकटी बसू नये. शाळा हलवू नका.' शुद्धलेखनाबाबत मी एरवी कठोर आहे. त्या दिवशी मी एकही चूक मोजली नाही. कागद फटीतून आत सोडताना त्या पुटपुटल्या, "जा बाई, पोच एकदाची."

त्यांच्यामागून सूतगिरणीचे कामगार पाळीवर जाता-येता आले. भाजी विकणाऱ्या आजी आल्या. नातवाकडून लिहवून घेतलेला कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि अंगठा नीट उमटला आहे ना याची खात्री करून टाकला. पंधरा दिवसांत सदतीस हरकती आल्या. प्रत्येक कागद आत पडला की मला ओरडावेसे वाटे: इथे नको! मला कोणी उघडत नाही! परंतु तोंड असणे आणि बोलता येणे यांत किती अंतर आहे, हे मी आरंभीच सांगितले आहे.

खरी पेटी निराळीच होती. शिक्षण कार्यालयाने पत्र्याची एक कोरी पेटी, लाखेचे सील लावून, नोटिशीच्या दिवशीच पाठवली होती. ती मोठ्या बाईंच्या खोलीत कपाटावर ठेवली गेली. त्याच दुपारी मोठ्या बाईंना मतदारयादीच्या कामावर धाडण्यात आले आणि खोलीला कुलूप लागले. पंधरा दिवस ती पत्र्याची पेटी आत अंधारात, आणि मी बाहेर उन्हात.

सुनावणी शेवटच्या दिवशी चार वाजता, पहिलीच्या वर्गात झाली. त्या कार्यालयाचे साहेब आले, नगरसेवक आले. मोठ्या बाई त्याच दिवशी कामावरून परतल्या होत्या. पालक माझ्या अवतीभवती, खिडकीशी दाटीवाटीने उभे राहिले. साहेबांनी सील तोडले, पत्र्याची पेटी उलटी केली. दोऱ्याचा एक तुकडा पडला.

"एकही हरकत नाही," साहेब म्हणाले. "तसं लिहून घ्या."

"अहो, नाही कशी?" शिवणकाकू खिडकीचे गज धरून म्हणाल्या. "मी माझ्या हातानं टाकलीय की!"

"कुठे टाकलीत?"

"पेटीत."

"पेटी ही माझ्यासमोर आहे, बाई. रिकामी आहे."

"ही कुठली? ही तर मी आज बघतेय! आमची पेटी इथं आहे, बाहेर."

नगरसेवक हसले. "काकू, ती तर आपण शाळेत असतानाची. मीसुद्धा टाकल्यात तिच्यात चिठ्ठ्या. ती आता कोण उघडतंय?"

"मग भाऊ, हे पंधरा दिवसांपूर्वी सांगायचं होतंत. नोटीस तिच्या डोक्यावर चिकटवायची आणि पेटी कपाटावर बसवायची! आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?"

साहेब मोठ्या बाईंकडे वळले. "खोली बंद का होती?"

"मी मतदारयादीच्या कामावर होते, साहेब."

"कोणाच्या आदेशानं?"

"आपल्याच सहीचा आहे."

खिडकीशी खसखस पिकली. साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. बाहेरच्या पेटीचा नोंदक्रमांक काय?"

शाळेतील प्रत्येक खुर्ची, घड्याळ, पृथ्वीचा गोल ज्या जाड वहीत नोंदलेला असतो ती जडवस्तू नोंदवही मोठ्या बाईंनी काढली. पाने उलटली. पुन्हा उलटली. तुटलेल्या डफाचीही नोंद निघाली. माझी नाही. मोडक्या बाकांतून मुलांनी बनवलेली वस्तू नोंदवायची असते, हे त्या काळी कोणाला सुचले नव्हते.

"नोंद नाही, म्हणजे कागदोपत्री ती पेटीच नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या स्वरात दुष्टपणा नव्हता, थकवा होता. "आणि जी पेटीच नाही, तिच्यातल्या कागदांचा मी विचार कसा करू?"

चाळीस वर्षे भिंतीवर काढल्यानंतर आपण नाही, असे ऐकावे लागणे ही साधी गोष्ट नव्हे. तरीही मला माझ्याहून त्या सदतिसांची चिंता अधिक होती. मी नसेन, तर तेही नाहीत.

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या शिपाईमावशी पुढे आल्या. रोज सकाळी मला फडक्याने पुसणारा हात त्यांचाच. "साहेब, एक विचारू? ती पेटी नाहीच म्हणता?"

"कागदोपत्री नाही."

"मग ती फोडली तर शासनाचं काही फुटलं, असं होत नाही ना?"

साहेबांनी नोंदवही मिटली. मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "मावशी, आठ महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची. नसती आफत ओढवून घेऊ नका."

"तेच म्हणते, बाई. इतकी वर्षं वरून पुसली. एकदा आतून बघू द्या की."

घंटेचा हातोडा घेऊन त्या बाहेर आल्या. पहिल्या घावाला कुलूप हलले नाही. दुसऱ्याला माझी डावी फळी चिरली. तिसऱ्याला झाकण बिजागरीसकट उखडले, कुलूप मात्र तसेच त्याला लटकत राहिले. दुखले का, असे कोणी विचारील. दुखले, पण अकरा वर्षांत प्रथमच आत वारा आला.

त्यांनी मला वर्गात नेऊन उलटे केले. आणि येथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. मी उलटी झाल्यामुळे तळाचे कागद वर आले. सर्वांत जुने सर्वांत वर! ताज्या हरकती शोधायच्या तर आधी अकरा वर्षे उपसावी लागणार होती. शिवणकाकू खाली बसून वाचू लागल्या, कारण कोणते ठेवायचे हे वाचल्याखेरीज कळेना.

"'टाकीचं झाकण फुटलंय, पाण्यात पाला पडतो.'" त्यांनी तो बाजूला ठेवला. "'बाई पुन्हा मोजणीला गेल्या, आम्ही नुसते बसतो.' 'मुलींच्या बाजूला कडी नाही.' 'बाबांची पाळी बंद झाली, वह्या पुढच्या महिन्यात आणल्या तर चालतील का?' 'माझ्याशेजारी कोणी बसत नाही. जागा बदलून द्या.'"

त्या थांबल्या. खाली तारीख होती, नऊ वर्षांपूर्वीची.

मी हे शब्द नऊ वर्षे पाठ म्हणत होते. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माझीच मला लाज वाटली. नगरसेवकांनी खाली वाकून दोन-तीन चिठ्ठ्या उचलल्या, मनातल्या मनात वाचल्या, घडी घालून परत ठेवल्या आणि "मी निघतो, साहेब," असे म्हणून ते गेले. जाताना ते हसत नव्हते, एवढेच मी सांगू शकते.

साहेबांनी घड्याळ पाहिले. मग पत्र्याची पेटी उचलून त्यांनी स्वतः खिडकीच्या कठड्यावर ठेवली. "मुदत पाच वाजेपर्यंत आहे. अजून वीस मिनिटं आहेत. ज्याची हरकत त्यानं स्वतः या पेटीत टाकावी. मी थांबतो."

एकच धांदल उडाली. "माझा हिरव्या शाईतला!" "आजी, हा अंगठा तुमचाच ना?" "माझाच गं, त्यावर हळद लागलीय बघ." शिवणकाकूंनी आपला खाकी कागद सर्वांत आधी टाकला आणि मग राहिलेला गठ्ठा उचलला. "हे गिरणीवाल्यांचे. ते पाळीवर आहेत. मी टाकते की त्यांच्या वतीनं."

"नाही, बाई. स्वतः."

"अहो, सहाला सुटतात ते! रजा घेतली तर तेवढंच निमित्त होईल, उद्यापासून येऊ नका म्हणतील."

"मी पाचच्या पुढे थांबलो तर उद्या कोणीही या चौदाच्या चौदा हरकती रद्द करून घेईल. ते चालेल तुम्हाला?"

काकूंनी गठ्ठा खाली ठेवला. पाच वाजता चौदा हरकतींवर लाख ओतली गेली.

सव्वासहाला कामगार धावत आले, कपड्यांवर कापूस तसाच. मावशींनी ज्याचा त्याला कागद परत दिला. एकाने विचारले, "आता याचं काय करू?" त्याने थोडा वेळ कागद हातात फिरवला आणि माझ्या उघड्या पोटात टाकला. मग बाकीच्यांनीही टाकले.

महिन्याने आदेश आला. चौदा हरकती विचारात घेऊन शाळेला एक वर्ष मुदतवाढ. त्यानंतर पुन्हा सुनावणी. मोठ्या बाईंनी तो फाटकाशी वाचून दाखवला.

"एक वर्ष म्हणजे हिची चौथी झाली," शिवणकाकू म्हणाल्या.

"आणि पाचवी?" थोरलीने विचारले.

"ती पुढच्या वर्षी भांडून घेऊ. तू आधी हिची वेणी घाल, घंटा होईल." धाकटी आत पळाली. थोरली मात्र फाटकाशी पुष्कळ वेळ उभी होती.

मावशींनाही एक पत्र आले: विनापरवानगी पेटीची मोडतोड का केली, याची कारणे दाखवा. "काय लिहू, बाई?" त्यांनी मोठ्या बाईंना विचारले. "नसलेली वस्तू मोडली, क्षमा असावी?" दोघी हसल्या खऱ्या, पण निर्णय काय येतो म्हणून मावशी अजून रोज टपालाची वाट पाहतात, आणि मला पुसता पुसता फाटकाकडे बघतात.

मी पुन्हा भिंतीवर आहे. बिनझाकणाची, चिरलेली, अद्याप नोंद नसलेली. वाचकहो, मला नोंदक्रमांक मिळवून द्या असे मी म्हणणार नाही. या वयात तो मोह उरलेला नाही. ज्यांची सुटी सहाला होते आणि जग पाचला बंद होते, अशा तेवीस माणसांचे कागद माझ्यात आहेत. पाऊस आला तर शाई पसरेल. येता-जाता हात घातला तरी ते मिळतील, इतकी मी आता उघडी आहे. घाला हात. एक तरी वाचा.