कोणाच्या मापाचा ओटा

"आई, हा कसा वाटतो?" सूनबाईने विचारलं आणि दगडाच्या दुकानात आम्ही दोघींनी एकदम माना वळवल्या. एक मी, तिची सासू. दुसरी माझी विहीण, तिची सख्खी आई. तिला ती 'अगं आई' म्हणते, मला 'अहो आई'. नुसतं 'आई' म्हटलं की कोणाला ते तिच्या डोळ्यांवरून ओळखायचं. डोळे विहिणीकडे होते.

मी मान परत दगडांकडे फिरवली, जशी काही मी मुळात दगडच बघत होते.

दुकान कसलं, मोठी शेडच ती. माणसापेक्षा उंच लाद्या लाकडी घोड्यांना टेकवून उभ्या केल्या होत्या. डाव्या हाताला ग्रॅनाईट, उजव्या हाताला क्वार्ट्झ. दुकानदाराने मगमधून पाणी घेऊन एका काळपट ग्रॅनाईटवर मारलं, तशी धूळ उतरली आणि आतले तांबूस ठिपके वर आले.

"खाणीतला अस्सल दगड आहे," तो म्हणाला. "याच्यासारखा दुसरा तुकडा कुठे मिळायचा नाही. आणि हा क्वार्ट्झ. दगडाचा चुरा आणि राळ मिसळून कारखान्यात बनवतात. सगळीकडे एकसारखा. तेल, चहा, लिंबू, काही पीत नाही."

"पुसायला सोपा पडेल मग," विहीण हळूच म्हणाली.

तिला मोठ्याने बोलावं लागत नाही. शाळेत हेडबाई होती. ती हळू बोलते आणि समोरचे गप्प होतात. मी तिसरीतून शाळा सोडली. मी ओरडून सांगते, तरी माझा मुलगा म्हणतो, "काय म्हणालीस?"

तो मुलगा तेव्हाही तिथेच होता, खिशात हात घालून. "मला दोन्ही सारखेच दिसतात," म्हणाला.

"तुला मीठ आणि साखरही सारखीच दिसते," मी म्हटलं. दुकानदार हसला. तेवढाच एक माणूस त्या दिवशी माझ्या बाजूचा.

खरं सांगते, मला क्वार्ट्झच हवा होता. मागच्या वर्षी विहिणीकडे गेले होते तेव्हा तिचा ओटा बघितला होता. दुधासारखा पांढरा, त्यावर एका कोपऱ्यात वेताची परडी आणि परडीत चार फळं. कोणी बघत नाही असं पाहून मी त्यावरून हात फिरवला होता. गार आणि गुळगुळीत. घरी येऊन माझ्या ओट्याकडे बघितलं. फरशा तडकलेल्या, सांधे काळे पडलेले. एकतीस वर्षं त्याच ओट्यापाशी उभी राहिले, कधी तो डोळ्यांत खुपला नव्हता. त्या दिवसापासून खुपायला लागला. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तशीच वेताची परडी घेऊन आले. तडकलेल्या फरशीवर ती परडी अशी दिसायची, जसं काही कोणी विसरून गेलंय.

पुढे भिंतीतला पाइप गळायला लागला, फरशा सुटल्या, आणि सगळंच स्वयंपाकघर नवीन करायचं ठरलं. आता हवा तो ओटा करता आला असता. पण विहीण दहा दिवस मदतीला म्हणून येऊन राहिली, आणि आल्या आल्या सूनबाईने तिला विचारलं, "अगं आई, आपल्यासारखाच करूया का?"

आपल्यासारखा. लग्नाला सहा वर्षं झाली आणि हिचं 'आपलं' अजून तिकडेच.

झालं. त्या क्षणी मी ठरवलं, ग्रॅनाईट. माझ्या घरात विहिणीचा ओटा येणार नाही. आज ओटा, उद्या डबे, परवा माझ्या हातातला डाव. माझ्याच स्वयंपाकघरात मला विचारून पाणी प्यावं लागेल.

दुकानदाराने दोन्हींचे ताटलीएवढे तुकडे नमुन्याला दिले होते. स्वयंपाकघर उखडलेलं, म्हणून शेगडी जेवायच्या टेबलावर होती. संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले होते. मी रिकामं पातेलं शेगडीवर ठेवलं, चांगलं तापवलं, आणि उचलून सरळ क्वार्ट्झच्या तुकड्यावर टेकवलं.

"अहो आई, काय करताय?" सूनबाई उठलीच.

"काही नाही. हात भाजतो तेव्हा बाई पातेलं जवळ दिसेल तिथे ठेवते. खाली काय आहे ते बघायला वेळ नसतो."

पातेलं काढलं. पांढऱ्या तुकड्यावर पिवळट कडं उमटलं होतं. सूनबाईने ओल्या फडक्याने घासलं, साबणाने घासलं. कडं जागचं हललं नाही. मग तेच पातेलं पुन्हा तापवून मी ग्रॅनाईटवर ठेवलं. त्याला काही म्हणता काही झालं नाही.

मी विहिणीकडे बघितलं. आता बोल म्हटलं, हेडबाई.

ती तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट करत होती. "माझ्या ओट्यावर अगदी अस्साच डाग आहे," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात पडला. त्यावर परडी ठेवून झाकलाय मी. विहीणबाई म्हणतात ते बरोबर आहे गं, ग्रॅनाईटच घ्या."

म्हणजे मी जिंकले. पण जिंकलं की कसं छातीत मोठं वाटतं, तसं काही वाटेना. तिने माझी जीत स्वतःच्या हाताने उचलून मला वाढली होती. आणि तिचा डाग झाकायची परडी मी हौसेने विकत आणून वर्षभर मिरवली होती. ते तर कोणाला सांगायचीही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी परडी माळ्यावर टाकली.

ओटा बसवणारा मिस्त्री त्याच आठवड्यात आला. त्या सकाळीच माझं डोकं फिरलं होतं. कपाटात कुठल्या खणात काय ठेवायचं, ते सूनबाई कागदावर काढत होती आणि विहीण तिच्या खांद्यावरून बघून सांगत होती, "तेल इथे खाली, चहा-साखर हाताशी." बरोबरच सांगत होती, तेच तर दुखणं. चूक सांगितलं असतं तर मी मध्ये पडले असते. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय, आणि खोलीत जाऊन दार लावून पडले.

थोड्या वेळाने मिस्त्रीचा आवाज आला. "ओट्यापाशी रोज कोण उभं राहणार? त्यांना बोलवा. कोपर मोजायचंय. कोपराच्या खाली चार-पाच बोटं ओटा ठेवला की पाठ भरून येत नाही."

सूनबाईने दार वाजवलं. "अहो आई, मिस्त्री बोलावतायत. माप घ्यायचंय."

"माझं काय काम तिथे? ज्यांचा ओटा त्यांनी उभं राहावं."

"असं काय करता? या ना."

"झोपू दे मला."

ती गेली. बाहेर विहिणीचं हळू आवाजातलं काहीतरी बोलणं, मग मोजपट्टीचा सर्रकन आवाज, मग मिस्त्रीचं "बरं, ठीक आहे." मी भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मायलेकी दोघी उंच. मी विहिणीच्या काखेपर्यंत येते. ती आणि मी फोटोत शेजारी उभ्या राहिलो की मी बसलेली वाटते. तिच्या कोपराचं माप म्हणजे माझ्या छातीपर्यंत ओटा. तिथे मी काय चिरणार, आणि पातेल्यात काय शिजतंय ते टाचा उंच करून बघणार?

उठून बाहेर जायचं होतं. दहा पावलं. पण एकदा डोकं दुखतंय म्हटल्यावर ते इतक्यात थांबवायचं तरी कसं?

पुढचे दिवस धूळ येऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला प्लास्टिकचा पडदा होता. आत विटा, सिमेंट, कटरचा कर्कश आवाज. मी आत पाऊल टाकलं नाही. मनात मात्र रोज भांडण रचत होते. ओटा झाला की सगळ्यांसमोर उभी राहणार आणि म्हणणार, छान केलात हो, आता मला एक शिडी आणून द्या. दर दिवशी त्यात एकेक वाक्य वाढत होतं. भांडी मागच्या दारी कपडे धुवायच्या उंच दगडावर घासायचो, विहीण घासायची आणि मी विसळायचे. शेजारी उभी राहूनही मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. हा चमचा परत घासा, एवढं.

दगड बसायच्या आदल्या दिवशी ती तिच्या घरी गेली. निघताना म्हणाली, "पुढच्या वेळी तुमच्या नव्या ओट्यावरचा चहा प्यायला येते."

"चहा काय, टेबलावरही होतो," मी म्हटलं. मुलाने माझ्याकडे बघितलं. बघू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघांनी मिळून ग्रॅनाईट आत नेला. संध्याकाळी पडदा निघाला. मिस्त्री एकटाच खाली बसून सांधा भरत होता. मी पदर खोचला, भांडण जिभेवर आणलं आणि आत गेले.

ओट्यापाशी उभी राहिले. हात पुढे केले. तळवे दगडावर अलगद टेकले, खांदे उचलावे लागले नाहीत, कंबर वाकली नाही. कोपराच्या खाली बरोबर चार बोटं जागा होती. मी एक पाऊल मागे आले आणि पुन्हा जवळ गेले. तेच.

"काय रे मिस्त्री, हा कोणाच्या मापाने केलास?"

"तुमच्याच, मावशी."

"मी कधी उभी राहिले मापाला?"

"तुम्ही झोपला होतात ना. त्या उंच बाई होत्या, त्यांनी दाखवलं." त्याने थापी खाली ठेवली आणि स्वतःच्या बरगडीखाली आडवा हात लावला. "म्हणाल्या, त्यांचं कोपर माझ्या इथे येतं, इथून मोज. मी म्हटलं, बाई, अंदाजाने नको, दगड एकदा बसला की हलायचा नाही. तर म्हणाल्या, अंदाज नाही हा, रोज त्यांच्या शेजारी उभी राहून भांडी घासते मी."

मी कोपराखाली चार बोटं पुन्हा लावून बघितली.

"तुमच्या सूनबाई म्हणत होत्या, अगं आई, मग मला वाकावं लागेल. तर त्या म्हणाल्या, तू वाक." मिस्त्रीने थापी उचलली. "चांगली आहे हो तुमची बहीण."

"बहीण नाही ती. विहीण आहे."

"असं?" म्हणून तो परत सांध्याकडे वळला.

कोणी म्हणेल, माझं मन निवलं असेल. नाही निवलं. उलट जास्त पेटलं. दिसण्यात पुढे, शिकण्यात पुढे, बोलण्यात पुढे, आता यातही तीच पुढे. माझं आठ दिवसांचं भांडण कुठे नेऊन ठेवू, तेवढं तरी सांगून जायचं. मला मुलगी नाही. असती, आणि तिच्या सासूच्या ओट्याचं माप द्यायची वेळ माझ्यावर आली असती, तर मी तिला 'तू वाक' म्हटलं असतं का, ते तिथे उभं राहून मी स्वतःला विचारलं. उत्तर आलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

नव्या ओट्यावर पहिला स्वयंपाक सूनबाई करत होती. मी बाजूला शेंगा सोलत होते. कांदे चिरायला तिने पाय फाकवले, गुडघे थोडे मोडले आणि खांदे पुढे घेतले. पहिला कांदा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला तिने सुरी खाली ठेवली, हाताच्या मुठीने कंबर दाबली आणि परत सुरी उचलली. तोंडातून शब्द नाही. आधी तर लक्षात यावं म्हणून चार वेळा कण्हली असती. तिच्या आईने बजावून ठेवलं असणार, सासूसमोर पाठ धरू नकोस.

मी मागच्या दारी गेले. कपाटं करणाऱ्या सुताराने लाकडाचा एक जाड ठोकळा टाकून दिला होता, वीतभर उंच. तो धुतला, पुसला, आणि आणून तिच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय, अहो आई?"

"चिरायचा पाट याच्यावर ठेव. कुबड काढून उभी राहिलीस तर तुझी आई मला बोल लावेल."

तिने पाट वर ठेवला. सुरी धरली. पाठ सरळ झाली तिची, उंचीला ती आता अगदी आईसारखी दिसली. मला ते आवडलं असं नाही. पण परत शेंगा सोलायला घेतल्या आणि बघत राहिले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने खांदा आणि कानात धरला. "अगं आई, हो, झाला ना. काळाच वाटतो, पण उजेडात तांबूस दिसतो. हो. हो, उभ्या आहेत इथेच." मग ऐकत राहिली. मग फोन माझ्यापुढे धरला. "अहो आई, ती विचारतेय, उंची बरोबर आली का म्हणून. तुमच्याशी बोलायचंय तिला."

"हात ओले आहेत माझे," मी म्हटलं. "बरोबर आली म्हणावं. अगदी बरोबर आली."

सूनबाई माझ्या हातांकडे बघत होती. शेंगा सोलणारे हात ते, खडखडीत कोरडे. मी नव्या बेसिनपाशी गेले, नळ सोडला, आणि ते ओले केले.