बोटभर वर

स्क्वॉटचा पंच होणं म्हणजे दिवसभर लोकांच्या मांड्यांकडे बघत बसणं. बायकोला हे मी लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घरात कटकट नाही. नियम एका ओळीचा आहे. खांद्यावर बार घेऊन खाली बसताना मांडी जिथं कमरेला मिळते, ती घडी गुडघ्याच्या माथ्याच्या खाली गेली पाहिजे. बरोबरीला आली तर चालत नाही. एवढं साधं असूनही निम्मे लोक वरूनच परत फिरतात आणि मग आमच्या नावानं बोटं मोडतात.

पंच तिघे असतात, एक समोर आणि दोन बाजूंना. प्रत्येकाकडे दोन बटणं, एक पांढरं, एक लाल. दोन पांढरे दिवे लागले की वजन मान्य. कोण किती खाली बसलं ते बाजूच्या खुर्चीवरून सगळ्यांत नीट दिसतं, आणि त्या दिवशी डावीकडच्या खुर्चीवर मी होतो.

माझी भाचीही त्याच गटात उतरणार होती. मी आयोजकाला म्हटलं, नात्यातली आहे, मला या गटाला बसवू नका.

"ऐन वेळी दुसरा पंच कुठून आणू, साहेब? आणि तुम्ही सख्ख्या बापालाही सोडायचे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

हे कौतुक की टोमणा, ते मी विचारलं नाही. बसलो.

भाचीला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण स्वतःपेक्षा जास्त ओझं उचलते. या स्पर्धेतून निवडायच्या संघात एकच जागा शिल्लक होती. दुसऱ्या क्लबातल्या एका उंच मुलीनं आधीच चांगलं वजन मारून ठेवलं होतं, आणि जागा हवी तर मुंगीला तिच्या पुढं जायला हवं होतं. गट सुरू व्हायच्या आधी ताईनं, म्हणजे मुंगीच्या आईनं, मला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं.

"आज जरा सांभाळून घे रे."

"काय सांभाळून घेऊ?"

"वेड पांघरू नकोस. पोरीनं वर्षभर घाम गाळलाय."

"खाली बसली की पांढरा देतो."

"माणूस आहेस की फूटपट्टी?" ती म्हणाली आणि पाणी न पिताच गेली.

तीन प्रयत्नांपैकी पहिला मुंगीनं लीलया काढला. दुसऱ्याला वजन बरंच वाढवलं होतं. ती झपकन खाली गेली, झपकन वर आली, आणि घडी गुडघ्याच्या वरच राहिली. बोटभर. मी लाल दाबला. बाकी दोघांनी पांढरा दिला, वजन मान्य झालं आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

"परक्यांनी पास केलं नि मामानं पाडलं!" ताई पहिल्या रांगेतून एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की समोरचा पंचसुद्धा हसला. माझ्या लालनं कुणाचं काहीच बिघडलं नव्हतं. तरी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मुंगी खुर्चीजवळ आली. लाल का दिला ते खेळाडू विचारू शकतो.

"मामा, किती?"

"बोटभर वर."

"नक्की?"

"मग काय डोळे भाड्यानं आणलेत मी?"

तिनं मान हलवली आणि पुढचं वजन सांगायला टेबलाकडे गेली.

उंच मुलीला मागं टाकायला साडेसात किलो वाढवणं भाग होतं. तेवढं मुंगीनं सरावात मारलेलं होतं, तिच्या प्रशिक्षकानं सकाळी सगळ्यांसमोर तसं सांगितलंही होतं. फलकावर आकडा लागला तो फक्त अडीच किलोनं जास्त. त्याहून कमी वाढवताच येत नाही. मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक झाली. प्रशिक्षक धावत टेबलापाशी गेला, हातवारे केले, आकडा बदलायची वेळ संपल्याचं ऐकलं आणि कपाळाला हात लावून परत आला. पंचानं खुर्चीवरून तोंड उघडायचं नसतं. मी मनातल्या मनात मुंगीला यथेच्छ शिव्या घातल्या.

मुंगी बारखाली शिरली, मागं सरली, थांबली. मग सावकाश खाली जायला लागली. घडी गुडघ्याला आली, खाली गेली, तरी ती जातच राहिली. दाराशी उभ्या वॉचमनलाही दिसावं इतकी ती खाली बसली. वर येताना बार मध्यावर अडकला, गुडघे थरथरले, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मग बार हलला. तीन पांढरे दिवे लागले. संघातली जागा उंच मुलीला गेली.

गट संपल्यावर मी मागच्या बोळात गेलो. मुंगी बाकावर बसून पट्टा सोडत होती.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? दुसरं वजन मान्य झालं होतं! दोन पांढरे पुरतात, तसा नियमच आहे! साडेसात वाढवायचे सोडून हे काय थेर?"

"साडेसात वाढवले असते तर मी पुन्हा वरूनच आले असते, मामा. तेवढं वजन घेऊन मला पूर्ण खाली बसता येत नाही. सरावातही नाही."

"त्या दोघांनी दिला असता पांढरा."

"दिला असता ना. मी संघात गेले असते. संध्याकाळी तू घरी आला असतास, सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं असतं आणि तू खाली मान घालून जेवत बसला असतास."

"काहीतरीच! मीसुद्धा केलं असतं अभिनंदन."

"केलं असतंस?"

तिनं पट्टा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. 'हो' म्हणायला काय जात होतं माझं? पोर रडायला आली होती. मी तोंड उघडलं, पण ते हो काही बाहेर आलं नाही, आणि मग तिनंच माझा हात धरून मला शेजारी बसवलं.